शोभेचा अडथळा

जमीन फुकट द्यायला निघालेल्या माणसाला कुणी अडवत नसेल, अशी माझी भाबडी समजूत होती. विकत घ्यायला गेलं की लोक अडवतात, विकायला गेलं की अडवतात, हे मी ऐकून होतो. पण "घ्या हो, काही नको मला" म्हणणाऱ्याला कोण कशाला अडवेल? उलट खुर्ची देतील, पंखा लावतील. खुर्ची कुणी दिली नाही. पंखा मात्र एकदा लावला होता, आणि त्याने माझी फाईल उडाली.

जागा वडिलांनी घेतलेली. रस्त्याच्या वळणावरचा तिकोनी तुकडा. तिन्ही बाजूंनी कमरेच्या वर येणारी विटांची भिंत वडिलांनी घातली आणि तिथे त्यांचा उत्साह संपला. मी एकदा तिथे घर बांधायचं मनात आणलं, तर नकाशे काढणारा म्हणाला, "घर बसेल. पण राहणाऱ्यांनी एकामागे एक राहायला हवं." तेव्हापासून ती जागा आमच्या घरात 'आपली प्रॉपर्टी' या नावाने ओळखली जायची आणि तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही.

त्या वर्षी लढाई झाली आणि आमच्या गावातले तिघं जण परत आले नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. नगराध्यक्ष म्हणाले, "स्मारक झालंच पाहिजे! प्रश्न फक्त जागेचा आहे." एवढं बोलून त्यांनी सभेकडे पाहिलं. सभेने खाली पाहिलं. आणि मी उभा राहिलो. बायको आजही म्हणते की मी पायाला मुंग्या आल्या म्हणून उठलो होतो. ते साफ खोटं आहे. मुंग्या आल्या होत्या, पण उठलो ते आतून काहीतरी वाटलं म्हणून.

"माझी वळणावरची जागा मी देतो," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांना "आणखी एक कागद आणा" असं सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नव्हती. टाळ्यांची नशा भलतीच असते. त्या नशेत मी एक अटही घालून टाकली, की फाटकावरच्या कमानीला माझ्या वडिलांचं नाव द्यावं. "का नाही! दिलंच पाहिजे!" नगराध्यक्ष म्हणाले. हे वाक्य लिहून घ्यायला हवं होतं, हे मला वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

वकीलसाहेब वकील नाहीत. ते कोर्टात टायपिस्ट होते. पण इतकी वर्षं दुसऱ्यांचे कायदे टाईप केल्यामुळे थोडे त्यांच्या बोटांना चिकटले आहेत. ते म्हणाले, "दान कसलं देताय? आधी भाड्याने द्या. मग भाडं माफ करा. मालकी तुमची, पुण्य तुमचं."

"मेलेल्यांच्या नावाने जागा भाड्याने देऊ?"

"भावनेच्या भरात काही करू नका. माझं ऐका, पस्तावाल."

मी त्यांचं ऐकलं नाही आणि पस्तावलो. सल्लागाराचा राग येतो तो याचसाठी.

बक्षीसपत्र झालं, सह्या झाल्या. मग मी नगरपालिकेच्या जमीन विभागात गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठं पुस्तक उघडलं. "वापर काय?"

"स्मारक."

त्यांनी बोट खाली खाली नेलं. "उद्यान आहे. गटार आहे. स्मशान आहे. बसथांबा आहे. स्मारक नाही."

"मग काय करायचं?"

"स्मारक म्हणजे बांधकाम. बांधकाम म्हटलं की लोक येणार. लोक येणार म्हणजे गाड्या येणार. गाड्या लावायची सोय दाखवा."

त्या तिकोनात गाडी लावली असती तर स्मारक रस्त्यावर आलं असतं. हे मी सांगितल्यावर साहेबांनी चष्मा परत नाकावर घेतला आणि म्हणाले, "ती तुमच्या जागेची अडचण आहे."

"जागा आता माझी नाही. तुमची आहे."

"ताबा आमचा आहे," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "वापर अजून मंजूर नाही. तोवर तिथे काही ठेवता येणार नाही. सही करायच्या आधी तुम्ही दगड ठेवून टाकला असता, तर कोण विचारणार होतं? खासगी जागा. हत्ती बांधला असता तरी चाललं असतं."

मी घरी परतलो तो माझ्याच पद्धतीने मार खाऊन. त्या साहेबांच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि तो काही मला आवडला नाही.

इकडे स्मारकाचा दगड तयार झाला होता. काळाभोर, गुळगुळीत, माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, त्यावर तीन नावं कोरलेली. कोरणाऱ्याची शेड रिकामी व्हायची होती. त्याचा निरोप आला, "न्या नाहीतर बाहेर ठेवतो." बाहेर म्हणजे उकिरड्याला लागून. स्मारकसमिती नावाची एक वस्तू तोवर निर्माण झाली होती. तिच्या सगळ्या सभासदांची घरं अचानक तिसऱ्या मजल्यावर गेली. तळमजल्यावर राहणारा मी एकटाच निघालो.

चार हमालांनी दगड दारातून आत आणला. येताना त्याने दाराच्या चौकटीचा एक टवका घेतला. हॉलमध्ये त्याला टेकायला एकच भिंत मजबूत होती, टीव्हीची. टीव्ही स्वयंपाकघरात गेला, फ्रिजवर.

"किती दिवस?" बायकोने विचारलं.

"मंजुरी मिळेपर्यंत."

तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायकोला प्रश्न विचारावे लागत नाहीत.

खरा भडका उडाला तो सासूबाईंचा. सासूबाई आमच्याकडे राहतात, आणि टीव्हीसमोरची खुर्ची ही त्यांची घरातली एकमेव स्थावर मालमत्ता. मालिका बघायला त्यांना आता फ्रिजकडे मान वर करून उभं राहावं लागायचं. कुणी दूध काढायला फ्रिज उघडला की नेमका खून कुणी केला ते कळायचं राहून जायचं. त्या हॉलमध्ये येऊन त्या दगडाला सुनावायच्या, "बसा, बसा ऐसपैस तिघं! म्हातारीचं काय, उभी राहील!"

पहिल्या रविवारी दारावर थाप पडली. बाहेर टेलरमास्तर उभे होते. चौकातलं त्यांचं दुकान सगळ्या गावाला माहीत, माझ्या पॅन्टीही तिथेच शिवल्या जातात. दगडावरचं पहिलं नाव त्यांच्या मुलाचं.

"साहेब, ऐकलं की इथे आणलाय. नावातली वेलांटी बघायची होती. शाळेच्या दाखल्यावर नेहमी चुकायची." त्यांनी चप्पल बाहेर काढली, गळ्यातली टेप सावरली आणि दगडासमोर उकिडवे बसले. वेलांटी बरोबर होती. "बरोबर आहे," ते म्हणाले. आणि उठलेच नाहीत. बायकोने चहा आणला. त्यांनी तो तिथेच जमिनीवर बसून घेतला.

पुढच्या रविवारी ते परत आले. त्यांच्यासोबत ड्रॉइंगच्या बाई आल्या. दुसरं नाव बाईंच्या नवऱ्याचं. शाळेत चित्रकला शिकवणारी, मोजकं बोलणारी बाई. त्यांनी बराच वेळ दगडाकडे पाहिलं. मी मनाशी दोन सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरात अंतर जास्त पडलंय. त्याला आवडलं नसतं. आमच्या घरातली कपाटंसुद्धा तो टेप लावून सरळ करायचा."

"टेप चांगली होती का?" मास्तरांनी विचारलं.

"पोलादी."

"मग ठीक," मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसले. माझी सांत्वनाची वाक्यं माझ्याजवळच राहिली.

तिसऱ्या नावासाठी मात्र कुणी आलं नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. सासूबाईंची नजर यातून सुटणं शक्य नव्हतं.

"याचं कोण?" त्यांनी मला विचारलं.

"काका होता. गाव सोडून गेला म्हणतात. मुलगा भरती व्हायच्या आधी बेकरीत कामाला होता."

"कसा होता?"

"मला काय माहीत?"

"जमीन देता आणि माणसं माहीत नाहीत!" त्या तडक बेकरीत गेल्या. बेकरीवाल्याला फारसं काही आठवेना. इतकंच आठवलं, की करपलेली बिस्किटं तो मुलगा टाकू द्यायचा नाही, स्वतः खायचा. आणि भट्टीपाशी शीळ घालायचा, बेसूर. एवढ्या भांडवलावर सासूबाईंनी अख्खा मुलगा उभा केला. शेजारणीला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "आमचा तो फार साधा हो. करपलेलं खाईल, पण तक्रार नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी मी पोळी करपली म्हणून ताट सरकवलं होतं.

मग रविवार हा आमच्याकडे दगडाचा दिवस झाला. मास्तर येत, बाई येत. सासूबाई आपली खुर्ची ओढून तिसऱ्या नावासमोर बसत. तिघांना तीन कप चहा, आणि मला विचारायला कुणी नाही. माझ्याच हॉलमध्ये मी दाराशी स्टुलावर बसायचो, पाहुण्यासारखा. वकीलसाहेब जिन्यातून डोकावून म्हणाले, "सावध राहा. वहिवाट लागते."

अशातच एका सकाळी मी ऑफिसला जाताना वळणावर बसमधून पाहिलं, तर माझ्या तिकोनात, म्हणजे नगरपालिकेच्या तिकोनात, हिरव्या रंगाची भलीमोठी कचराकुंडी उभी. मी पुढच्या थांब्यावर उतरून उलटा पळत आलो. कुंडी भरलीसुद्धा होती. गावाला एरवी कुठलीही गोष्ट समजायला महिने लागतात, कुंडी तेवढी लगेच समजते.

जमीन विभागाचे साहेब शांत होते. "जागा मोकळी होती. आरोग्य विभागाने मागितली. कुंडीला मंजुरी लागत नाही, तिला चाकं आहेत."

"मग दगडालाही चाकं लावू का?" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी ऑफिसात ओरडलो. त्याचा परिणाम एवढाच झाला की साहेब जेवायला गेले.

घरी आलो तर कुंडीची बातमी ऐकून मास्तर आणि बाईही आले होते. मी सगळं सांगितलं. मास्तरांनी ऐकलं आणि टेपचा गुंडाळा केला, सोडला, परत केला. मला वाटलं, संपलं. आपण त्यांना जागा दाखवली आणि तिथे गावाचा कचरा नेऊन घातला. त्यापेक्षा त्या सभेत पायाला मुंग्या आल्या तरी बसून राहिलो असतो तर बरं.

सासूबाई उठल्या. "चला."

"कुठे?"

"त्या तुमच्या साहेबाकडे."

साहेबांच्या टेबलापाशी पाहुण्यांना खुर्ची नव्हतीच. सासूबाई साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. साहेब जेवून आले तर जागा गेलेली.

"आजी, ती माझी खुर्ची आहे."

"माझीपण एक आहे घरी. तिच्यापुढचा टीव्ही गेला, तुमच्या मंजुरीपायी. दगड आमच्याकडे ठेवायला माझी ना नाही, पण मग तुमच्या पुस्तकात तसं लिहा की स्मारक अमक्यांच्या हॉलमध्ये. नसेल लिहिता येत, तर उद्या तो इथे आणते."

"इथे? आजी, तो वजनाला..."

"चौघं लागतात उचलायला. तिघं त्याच्यावर आहेतच. चौथे तुम्ही या."

साहेबांनी उभ्याउभ्याच ते मोठं पुस्तक ओढलं, चष्मा नाकावर घेतला आणि पानं उलटायला लागले. बऱ्याच वेळाने बोट थांबलं. "एक सदर आहे. रस्त्याच्या वळणावर कारंजं, फुलांच्या कुंड्या, घड्याळाचा खांब असलं काही असतं ना, त्याच्यासाठी. पार्किंग लागत नाही." त्यांनी जरा घसा साफ केला. "शोभेचा अडथळा."

"काय म्हणालात?" मी म्हणालो. माझ्या वडिलांची जागा, तीन जवानांची नावं, आणि...

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "सही करू द्या त्यांना."

अशा रीतीने आमचे तिघं जण सरकारदफ्तरी शोभेचा अडथळा झाले. कुंडी हलली. दगड हमालांनी परत नेला आणि जाताना चौकटीचा दुसऱ्या बाजूचाही टवका काढला. दार आता निदान दोन्हीकडून सारखं दिसतं.

समारंभाला मांडव घातला होता. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून लवकर गेलो आणि आधी कमान पाहिली. कमान सुरेख होती. तिच्यावर ठळक अक्षरांत होतं, 'नगरपालिकेच्या सौजन्याने'. वडिलांचं नाव मी मागच्या बाजूलाही जाऊन शोधलं. मागे रंगाऱ्याचा फोन नंबर होता. नगराध्यक्षांना गाठलं तर ते म्हणाले, "तुम्ही कोण?... अच्छा, अच्छा! देऊ ना, पुढच्या टप्प्यात देऊ." मला खुर्ची मिळाली ती मांडवाच्या खांबामागे. त्या खांबाचा तपशील मला अजून तोंडपाठ आहे.

पहिल्या रांगेत कुटुंबीयांसाठी खुर्च्या राखीव होत्या. मास्तर बसले, बाई बसल्या. तिसऱ्या खुर्चीत कोण बसणार म्हणून मी खांबाच्या आडून मान काढली, तर सासूबाई चक्क तिथे बसलेल्या. बायको मला म्हणाली, "अहो, आईला उठवा ना. काय म्हणतील लोक!" मी अर्धवट उठलो, तेवढ्यात प्रमुख पाहुणे, एक निवृत्त लष्करी अधिकारी, रांगेपाशी पोचले. ते सासूबाईंसमोर वाकले आणि म्हणाले, "माताजी, तुम्हाला तुमच्या मुलाचा अभिमान वाटत असेल."

"मुलगा नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे राहायला होता."

अधिकाऱ्यांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी टाचा जुळवून सलाम केला. सासूबाईंनी मान हलवली, जशी त्या चहा ठीक झाला की हलवतात. मी परत खांबामागे बसलो.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे ठरवून तिथे गेलो. मास्तर, बाई, सासूबाई आणि मी. फाटकाला कुलूप. शेजारी नवी पाटी, 'वेळ दहा ते पाच. रविवारी व सुटीच्या दिवशी बंद.'

"रविवारी बंद?" बाई म्हणाल्या. "आम्हाला सुटी रविवारीच असते."

"त्यांनाही," मी म्हणालो. ऑफिसची बाजू घ्यायची सवय अशी सुटत नाही.

आम्ही गजांमधून पाहत उभे राहिलो. समारंभाचे हार वाळून एका बाजूला झुकले होते. दगड छान दिसत होता. एवढ्यात सासूबाईंचा आवाज बदलला. "त्याच्या नावावर बघा. कावळ्याने काय केलंय."

खरंच, तिसऱ्या नावावर पांढरा ओघळ आला होता.

"सोमवारी पुसतील," मी म्हणालो.

"आणि सोमवारपर्यंत तो असाच राहील?"

मास्तर भिंतीकडे बघत होते, पण त्यांचे गुडघे मला माहीत होते. बाईंनी पदर खोचायला सुरुवात केली. मग मात्र मी बूट-मोजे काढले. ही भिंत माझ्या बापाने घातलेली, तिच्यावर चढायला मला कुणाची मंजुरी नको, असं काहीतरी मी मोठ्याने बोललो असं सगळे म्हणतात. भिंत माझ्या बापाचीच होती, पण तिच्यावर नगरपालिकेने टोकदार सळ्या बसवल्या होत्या, आणि त्या माझ्या बापाच्या नव्हत्या. मी पलीकडे पडलो. पॅन्टीचा जो आवाज आला तो चौघांनीही ऐकला.

"कुठे फाटली?" मास्तरांनी विचारलं.

"सगळीकडे," मी म्हणालो.

"द्या इकडे."

"इथे?"

"सुई आहे माझ्याजवळ. द्या गजातून. बाई, तुम्ही तिकडे तोंड करा."

त्यामुळे गावाच्या मुख्य वळणावर, भर रविवारी सकाळी, विमा कंपनीचा एक जबाबदार अधिकारी शर्ट आणि चड्डी एवढ्यावर स्मारकामागे लपला. बाहेर मास्तर फाटकाच्या पायरीवर बसून पॅन्ट शिवायला लागले.

"नुसते उभे राहू नका," सासूबाई म्हणाल्या. "पुसा."

मी हात पुढे वळवून रुमालाने तिसरं नाव पुसलं. मग दुसरं पुसलं, पहिलंही पुसलं. एकच पुसलं असतं तर बरं दिसलं नसतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. नगरपालिकेचा पहारेकरी सायकलवरून उतरला. "ए! कोण आहे आत? बाहेर या!"

"कुलूप काढा, येतो," मी दगडामागून म्हणालो.

"चावी ऑफिसात. ऑफिस बंद. तुम्ही आहात कोण?"

"ही जागा मी दिली."

"कुणाला?"

"तुम्हाला!"

"मला कशाला देताय?" पहारेकरी घाबरला. "आणि पॅन्ट कुठाय तुमची?"

"माझ्याकडे आहे," मास्तर मान वर न करता म्हणाले. "बसा दोन मिनिटं. काज सोडून सगळं होत आलंय."

पहारेकरी का कोण जाणे, सायकल टेकवून त्यांच्याशेजारी बसला. मास्तर टाके घालत होते. "माझा मुलगा पण इथेच फाडायचा," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "याच शिवणीवर. दर आठवड्याला. आत काही नसायचं हो, गवत नुसतं. पण उडी मारायची ती इथेच. मी म्हणायचो, सबंध गाव सोडून इथेच का रे? तर म्हणायचा, बाबा, इथे कुणी येत नाही."

बाईंनी तिकडेच तोंड ठेवलं होतं. सासूबाई गजाला धरून उभ्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच पहिल्या नावाकडे नीट पाहिलं.

मास्तरांनी दातांनी दोरा तोडला, पॅन्ट झटकली आणि गजातून आत दिली. मी घातली. शिवण कुठली ते बोटाला लागलं नाही. आता बाहेर कसं यायचं, हा प्रश्न होता. मी खालून सळ्या मोजत होतो आणि पहारेकरी म्हणत होता, "जसे गेलात तसे या."

"तिकडून नको, साहेब," मास्तर उठत म्हणाले. ते भिंतीच्या कोपऱ्यापाशी आले आणि त्यांनी बाहेरून हात लांब केला. "इथे कोपऱ्यात आतून एक वीट खाल्लेली आहे. तिच्यात पाय टाका. तो तिथूनच बाहेर यायचा."

मी वाकून पाहिलं. खोबण होती. झिजून गुळगुळीत झालेली, मुलाच्या पावलाच्या मापाची. माझा त्यात फक्त अंगठा मावला. मी मास्तरांचा हात धरला आणि तेवढ्यावर भार दिला.